खुणेखालचा फळा

अस्तरकाकांना स्वतःचे नाव नव्हते असे नाही. परंतु त्या गल्लीत ते कोणाच्या तोंडी येत नसे. भिंतीवर रंग चढवण्यापूर्वी जो पातळ पांढरा थर देतात त्याला रंगाऱ्यांच्या भाषेत अस्तर म्हणतात, आणि हे अस्तर दिल्यावाचून त्यांनी चाळीस वर्षांत एकाही भिंतीला रंगाचा ब्रश टेकू दिला नव्हता. घरमालकाने कितीही गयावया करावी, पाहुणे दाराशी आल्याचे सांगावे. काकांचे उत्तर ठरलेले असे, की पी हळद अन् हो गोरी, हे भिंतीच्या बाबतीत चालत नाही. आधी भेगा बुजवायच्या, लांबी म्हणजे पुट्टी भरायची, घासायचे, पुसायचे, अस्तर द्यायचे, ते सुकू द्यायचे आणि मग रंग. शेवटचा हात फिरला, की खोलीच्या दारात आडवी काठी बांधून ते बजावीत, "रंग एका दिवसात सुकतो, पण पिकायला सात दिवस लागतात. सात दिवस भिंतीला बोट लावायचं नाही." एका घरी पाचव्याच दिवशी कोणी कपाट भिंतीला टेकवले, तेव्हा काकांनी ती सबंध भिंत खरवडून नव्याने रंगवून दिली; मात्र त्या घरमालकाशी ते पुन्हा जन्मात बोलले नाहीत.

त्यांच्या पत्नीला सारी गल्ली 'बाई' म्हणत असे. एकतीस वर्षे त्यांनी प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवले होते. बाईंचा आवाज मोठा नव्हता, पण तो वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत न चुकता पोहोचे. निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी तो आवाज जड झाला, शब्द एकमेकांत अडकू लागले आणि सहा महिन्यांत बाईंचे बोलणे पार थांबले. पाय त्याआधीच गेले होते. डॉक्टरांनी कागदावर रेघा काढून समजावले, की हा मज्जातंतूंचा आजार आहे, तो मागे फिरत नाही, पुढेच जातो. बुद्धीला तो स्पर्शही करणार नव्हता. छातीचे स्नायू मात्र दुबळे होत चालले होते. तेव्हा धूर, धूळ आणि उग्र वास यांपासून बाईंना जपणे भाग होते.

बोलणे गेले तरी बाईंचे सांगायचे संपले नव्हते. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिने मोठ्या अक्षरांचा फोन पाठवला, पण बाईंचे एक बोट एकाच वेळी दोन अक्षरांवर पडे. मांडीवरच्या पाटीवर लिहिताना मनगट वळत नसे. काकांना अंदाजाने विचारावे लागे, "पाणी हवंय? पंखा? उशी?" आणि बाई मान हलवून नाही म्हणत. कधी कधी पंचवीस प्रश्न झाले तरी उत्तर नाहीच असे. मग काकाच थकून बसत आणि बाई त्यांच्याकडे अशा नजरेने बघत, की पाढा विसरलेल्या मुलाची आठवण व्हावी.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी एक गोष्ट सहज सांगितली. बोटे आणि मनगट गेली असली, तरी खांद्यातली ताकद अजून काही महिने टिकेल. त्याच संध्याकाळी काका चहा ठेवायला आत गेले असताना बाईंनी चाकांची खुर्ची रेटत भिंतीपाशी नेली, जुन्या शाळेच्या डब्यातला तांबडा खडू मुठीत धरला आणि सबंध हात खांद्यातून हलवत, बाहेरच्या खोलीच्या फिक्या भिंतीवर वीतभर उंचीची अक्षरे काढली: "इथे फळा करून द्या."

काका कप घेऊन बाहेर आले. त्यांच्या स्वतःच्या, आरशासारख्या घासलेल्या भिंतीवर तांबड्या खडूचे फराटे होते. प्रथम त्यांच्या कपाळावर आठी उमटली, कारण सवय जात नाही. मग त्यांनी कप खाली ठेवला, ते वाक्य दोनदा वाचले, आणि खिशातली पेन्सिल काढून बाईंना हात जितका वर जाईल तितका नेण्यास सांगितले. जिथे बोटे टेकली तिथे त्यांनी बारीक आडवी खूण केली. फळ्याची वरची कड इथे येणार, असे त्यांनी जाहीर केले. आयुष्यभर लोकांच्या भिंती रंगवल्या; आता घरची एक चार फुटी भिंत काळी करायची, यात ते काय अवघड, असे त्यांना वाटले. घोडे इथेच पेंड खाणार होते.

फळ्याचा रंग काकांना नवा नव्हता. शाळाशाळांतले फळे त्यांनी रंगवले होते, पण ते तेलाच्या काळ्या रंगाने, आणि त्या रंगाचा वास खोलीतून आठवडाभर हलत नसे. बाईंच्या छातीला तो सोसणे शक्य नव्हते. चार दिवस लेकीकडे राहून यावे, असे सुचवून पाहिले, तर बाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांचा ठाम नकार असाच असे. म्हणजे रंग बिनवासाचा, विषारी वाफा न सोडणारा हवा. दुसरीकडे, खडूची धूळही बाईंना चालणार नव्हती. फळा कोरड्या फडक्याने झटकायचा नाही, दर वेळी ओल्या फडक्याने पुसायचा, असे डॉक्टरांनी बजावले होते. आणि दिवसाकाठी वीस-पंचवीस वेळा ओले फडके सोसेल असा रंग टणकच हवा. टणक रंग वासाचा, सौम्य रंग मऊ. काकांच्या चाळीस वर्षांच्या शहाणपणाला या दोन गोष्टी एका डब्यात बसलेल्या ठाऊक नव्हत्या.

ते आपल्या नेहमीच्या रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार त्यांना मानत असे. त्याने चार डबे पुढे मांडले. प्रत्येकावर हिरवे पान छापलेले होते आणि प्रत्येकावर पर्यावरणस्नेही असे लिहिलेले होते. यांतला कोणता खरा, असे काकांनी विचारले, तेव्हा दुकानदाराने हात झटकले.

"काका, डब्यावर पान आहे म्हणजे आत झाड आहे, असं मी म्हणणार नाही. तुम्हीच आजवर मला सांगत आलात कुठला रंग चांगला ते. आता मी तुम्हाला काय सांगू?"

काकांनी चारही डबे लहान मापात घेतले, आणखी दोन दुकाने पालथी घातली आणि घरी येऊन लाकडी फळीच्या तुकड्यांवर प्रयोग मांडला. एका गुरूकडून शिकलेली जुनी कृतीही त्यांनी करून पाहिली: फाटलेल्या दुधाचा चोथा, चुना आणि काजळी घोटून केलेला रंग. असे एकूण नऊ तुकडे झाले. प्रत्येकावर आकडा, प्रत्येकाला अस्तर, दोन हात, आणि सात दिवस पिकू देणे. त्यानंतर प्रत्येकावर खडूने लिहायचे आणि ओल्या फडक्याने पुसायचे, दोनशे वेळा. बाल्कनीत उभे राहून ते मोठ्याने मोजीत आणि बाई आपल्या खुर्चीतून ते ऐकत असत.

अडचण वासाची होती. पहिला तुकडा सुकल्यावर काकांनी तो नाकाशी धरला आणि त्यांना काहीच कळले नाही. त्यांनी दुसरा हुंगला, तिसरा हुंगला. शेवटी थिनरची बाटली उघडून नाकाखाली धरली. तीही त्यांना पाण्यासारखी वाटली. चाळीस वर्षे ज्या वासांत ते उभे राहिले होते, त्या वासांनी त्यांचे नाक केव्हाच नेले होते, आणि कोणी विचारले नव्हते म्हणून त्यांना त्याचा पत्ता नव्हता. ज्या एका गोष्टीवर पत्नीचा श्वास अवलंबून होता, तीच त्यांना तपासता येत नव्हती. बाईंचे नाक तिखट होते, पण ते पणाला कसे लावायचे?

मग काका तुकडे फडक्यात गुंडाळून शेजारणीच्या दाराशी गेले. ही शेजारीण एकटी राहणारी विधवा, तोंडाची फटकळ आणि मनाची मोठी. काकांनी संकोचाने आपली अडचण सांगितली. तिने एकेक तुकडा हुंगला आणि नाक मुरडले किंवा खांदे उडवले.

"जन्मभर आम्हाला सांगितलंत, हा रंग नको, तो नको, नाकाने कांदे सोलत आलात," ती म्हणाली, "आणि आता म्हणता नाकच नाही. आणा तो चार नंबर. शी, हा बाईंच्या खोलीत लावलात तर मीच तुम्हाला बाहेर काढीन."

तिचे नाक मिळाले म्हणून काकांना हायसे वाटले. पण तिच्या नाकाचीही परीक्षा घ्यावी म्हणून ते तोच तुकडा आकडा झाकून दोनदा नेत, आणि ती दोनदा तेच सांगते का ते वहीत टिपत. दुधाने पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. काका न पोळताच फुंकत होते. तिसऱ्या आणि चौथ्या तुकड्याला वास होता. पाचवा इतका गुळगुळीत निघाला की खडू त्यावरून घसरे. गुरूच्या कृतीचा रंग मखमलीसारखा उतरला, वासाला निर्दोष ठरला, आणि तिसाव्या पुसण्याला फडके काळे झाले. त्या दिवशी काका जेवले नाहीत. सहाव्याच्या वासाविषयी संशय होता. सातवा पाण्यात कालवायचा रंग. त्याने दीडशेपर्यंत टिकाव धरला, पण काकांना वाटले की अस्तर थोडे जाड पडले असावे, म्हणून तो त्यांनी नव्या तुकड्यावर पहिल्यापासून केला. पुन्हा सात दिवस गेले.

या काळात लेकीचा फोन दर रविवारी येत असे. पाचव्या रविवारी तिचा धीर सुटला.

"बाबा, कुठलाही लावा, पण लावा. आई वाट बघतेय."

"कुठलाही लावला आणि तिला धाप लागली तर?" काकांनी विचारले. "मला वासच येत नाही गं. मला कळणारसुद्धा नाही."

वडिलांनी एखादी गोष्ट कळत नसल्याचे कबूल केलेले तिने त्यापूर्वी ऐकले नव्हते. मग तिने एवढेच विचारले, की आई आता हात किती उचलते. काका म्हणाले, पहिल्यासारखाच. हे ते खोटे बोलत नव्हते. त्यांनी पाहिलेच नव्हते. त्यांची नजर पाच आठवडे बाल्कनीतल्या तुकड्यांवर होती.

सातव्या क्रमांकाच्या नव्या तुकड्याने दोनशे पुसणी सोसली. शेजारणीने तो दोन्ही वेळा खांदे उडवून परत दिला. काकांनी वहीत त्या आकड्याभोवती गोल केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लांबी, ओला घासकागद, अस्तर, रोलर, सारे सामान खोलीत आणून मांडले. धूळ उडू नये म्हणून भिंत ओलीच घासायची, हे त्यांनी ठरवून टाकले होते. काम सुरू करण्यापूर्वी खूण तपासावी, म्हणून त्यांनी बाईंची खुर्ची भिंतीशी आणली आणि हात वर न्यायला सांगितले.

बाईंनी हात उचलला. तो छातीच्या उंचीपर्यंत सहज गेला, खांद्यापर्यंत थरथरत गेला, आणि तिथे थांबला. बाईंनी दात आवळले. काकांनी कोपराखाली आपला तळवा धरला, तरी बोटे पेन्सिलीच्या खुणेपासून एक वीत आणि चार बोटे खाली राहिली. बाईंनी हात मांडीवर सोडून दिला आणि त्या खुणेकडे बघत राहिल्या.

वरातीमागून घोडे, ही म्हण काका आजवर दुसऱ्यांना ऐकवीत आले होते. मनाशी त्यांनी हिशेब केला: सहा आठवड्यांत एक वीत आणि चार बोटे; भिंत तयार करून, अस्तर देऊन, रंग पिकेपर्यंत आणखी दहा-बारा दिवस. म्हणजे फळ्याची कड आजच्या हाताला मापून चालणार नव्हते. त्यांनी आज जिथे बोटे टेकली तिथे खूण केली नाही. त्याहून हातभर खाली केली आणि फळा जवळजवळ जमिनीपर्यंत आखला. बाईंनी ती खालची रेघ पाहिली, मग काकांकडे पाहिले. त्यांना समजले होते. एकतीस वर्षे पहिलीच्या मुलांची उंची मोजलेल्या त्या होत्या.

भिंत उत्तम तयार झाली. काकांच्या हातून तशी गुळगुळीत भिंत बहुधा त्यापूर्वी झाली नसेल. अस्तर दिले, ते सुकले, आणि सातव्या क्रमांकाचे दोन हात फिरले. रंग लावताना बाई आतल्या खोलीत होत्या. काका दर पाच मिनिटांनी रोलर ठेवून दाराशी जात आणि त्यांच्या श्वासाचा कानोसा घेत. खोकला नाही, धाप नाही. दुपारी शेजारीण येऊन खोलीच्या मधोमध उभी राहिली, चारही दिशांना हुंगून म्हणाली, "काही नाही. पावडर लावल्यासारखा वास आहे, तोही संध्याकाळी जाईल." काकांनी प्रथमच खुर्चीत बसून पाणी मागितले. निवड चुकली नव्हती. मग त्यांनी उठून, सवयीप्रमाणे, त्या फळ्यापुढे आडवी काठी बांधली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी खुर्ची त्या काठीपाशी नेली आणि मूठ उघडून पुढे केली. त्यांना खडू हवा होता.

"अजून चार दिवस," काका म्हणाले. "सुकलाय गं, पण पिकला नाहीये. आत्ता लिहिलंस तर ओरखडा बसेल. कायमचा."

बाईंनी मूठ मागे घेतली नाही. हात मात्र अधांतरी राहीना; तो हळूहळू खाली येऊ लागला, गुडघ्याकडे, आणि तो तसा उतरत असता बाई काकांकडेच बघत होत्या. काका भिंतीकडे बघत होते. डब्यावर सात दिवस लिहिले होते, वहीत सात दिवस लिहिले होते, चाळीस वर्षे जगाला त्यांनी सातच दिवस सांगितले होते. तो हात मांडीला टेकण्याआधी काकांनी काठीची दोरी सोडली, शाळेच्या डब्यातला पांढरा खडू काढला आणि त्या मुठीत दिला. मग ओले फडके घेऊन ते बाजूला उभे राहिले, कारण पुसण्याचे काम त्यांचे ठरले होते.

बाईंना खडू पेलत नव्हता. त्यांनी हाताचे सारे ओझे त्यावर टाकले. मऊ रंगात तो रुतल्याचा आवाज काकांना स्पष्ट ऐकू आला आणि त्यांचा खांदा आपोआप आखडला. दोन शब्द लिहायला बराच वेळ लागला. अक्षरे मात्र पहिलीच्या वर्गातली होती, गोल, सुटी आणि रेघेला धरून.

"आता बसा."

काकांनी ते वाचले. पुढे काही आहे का म्हणून वाट पाहिली. पुढे काही नव्हते. इतके आठवडे ज्या वाक्याची वाट अडली होती, ते एवढेच होते.

त्यांनी स्टूल ओढले आणि बाईंच्या शेजारी बसले. ओले फडके त्यांच्या हातातच राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी ते अक्षरांवरून फिरवले. खडू निघाला, पण खाली करड्या रेघा राहिल्या, अंगठ्याने चाचपता येतील इतक्या खोल. त्यांनी आणखी दोनदा पुसले. तिसऱ्यांदा पुसले नाही.

दुकानदाराला हे कळले तेव्हा त्याने सांगितले, की वर एक पातळ हात दिला की सारे झाकले जाईल, घरी येऊन मीच देतो. काका म्हणाले, त्यावर पुन्हा सात दिवस जातील.

पुढचे पाच आठवडे बाई त्या फळ्यावर लिहीत होत्या. पहिल्या वाक्याच्या वर, खाली, बाजूला. त्यांनी औषधाची वेळ लिहिली. लेकीला सांगण्याचे निरोप लिहिले. शेजारणीने विचारले, की इतकी वर्षे या माणसाबरोबर कशी काढलीत, तेव्हा "अस्तर देऊन" असे लिहिले, आणि शेजारीण डोळ्यांना पदर लावेपर्यंत हसली. काका प्रत्येक वाक्य वाचत, वहीत उतरवून घेत आणि मग ओल्या फडक्याने पुसत. रंगाचा कणही फडक्यावर आला नाही. अक्षरे मात्र हळूहळू फळ्याच्या तळाकडे उतरली, मग त्यांच्या मात्रा गळाल्या, मग एका सकाळी नुसती एक रेघ निघाली आणि खडू हातातून निसटून चाकाखाली गेला. काकांनी तो उचलून पुन्हा मुठीत दिला. तो पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्यांनी तो डब्यात ठेवला.

फळा अजून तसाच आहे. दोनशे पुसणी सोसणारा रंग शेवटपर्यंत ताजा राहिला. तो कुठे उडाला नाही, फिका पडला नाही. त्याच्या वर, मोकळ्या भिंतीवर, पहिली पेन्सिलीची खूण आहे, ती काकांनी खोडलेली नाही. बाई दिवसभर त्या भिंतीसमोर असतात. काका खोलीभर फिरतात, उशी सरळ करतात, पंख्याचा वेग बदलतात, खिडकी उघडतात आणि लावतात, "पाणी हवंय? उशी?" असे विचारत राहतात. बाई आता मानही हलवू शकत नाहीत. त्यांचे डोळे मात्र वळतात; ते फळ्यावरल्या त्या करड्या, न पुसल्या जाणाऱ्या दोन शब्दांवर जाऊन थांबतात.

काका स्टूल ओढतात आणि बसतात.